लढणाऱ्यांच्या फायलीत बाया कुठे आहेत?

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय 'आपल्या घराण्यातील लढलेल्या माणसांचा शोध' असा ठेवला आहे. तो वाचून तुमच्यापैकी काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. घराण्याचा शोध, वंशावळ, पराक्रम, ही सगळी पुरुषांची कामे. वंशावळीत तर आपले नावच नसते. माहेरच्या झाडावर आपण फांदी नाही आणि सासरच्या झाडावर 'पत्नी' एवढेच. मग बायकांच्या शिबिरात हा विषय कशाला?

मीही असाच विचार करीत होते. मी सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे बाया मारहाणीची तक्रार घेऊन येतात, पोटगीचा अर्ज घेऊन येतात, रेशनकार्डातून नाव कापले म्हणून येतात. पूर्वज घेऊन कोणी येत नाही. पण काही वर्षांपूर्वी एक बाई खरोखरच वडिलांचा कागद घेऊन आली. तिच्यामागे जाता जाता मला जे दिसले, ते आज तुमच्यापुढे ठेवते. तिच्या आणि तिच्या मावशीच्या परवानगीने बोलते आहे. नावे, गावे सांगणार नाही. कुणी विचारूही नका.

बाई पन्नाशी ओलांडलेली. नवऱ्याने सोडलेली, वीस वर्षांपासून माहेरी, आईजवळ. वडील स्वातंत्र्यसैनिक होते. ते गेल्यावर आईला पेन्शन मिळत होती आणि त्यावर दोघी जगत होत्या. आई गेली आणि पेन्शन थांबली. तिचा प्रश्न साधा होता, 'ताई, मी त्यांचीच मुलगी ना? मग माझं काय?' या सन्मान पेन्शनच्या नियमात सैनिकाची पत्नी बसते, पत्नी नसेल तर अविवाहित आणि बेरोजगार मुली बसतात. लग्न करून दिलेली आणि नवऱ्याने हाकलून दिलेली मुलगी त्यात बसत नाही. लग्न झाले म्हणजे बाई कुणाच्या तरी घरी पोसली जाते आहे, असे नियम धरून चालतो. ती पोसली जाते का, हे नियम विचारत नाही.

अर्ज करायचा तर वडिलांची मूळ फाईल पाहिजे. ती मिळवायला आम्हाला अकरा महिने लागले. 'साहेब नाहीत', 'रेकॉर्ड रूमची चावी नाही', 'पुढच्या सोमवारी या', हे सगळे तुम्हाला पाठ आहे, ते सांगत बसत नाही. फाईल मिळाली. ती वाचली आणि आमचा प्रश्नच बदलला.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण आपल्या जिल्ह्यातल्या तरुण मुलींना ही गोष्ट शाळेत दोन ओळींत शिकवली जाते. आपल्या जिल्ह्याची दक्षिणेची हद्द म्हणजे पैनगंगा. आज नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो, पुढे तेलंगणातला आदिलाबाद. १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचे राज्य होते. अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडही मुळात निजामाचेच, पण १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात आले. म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणतात. राज्ये दोन, पण माणसे एकच. अलीकडची मुलगी पलीकडे दिलेली, पलीकडची अलीकडे आणलेली. मधे नदी आणि नदीच्या उतारावर जकातीचा, म्हणजे करोडगिरीचा नाका.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. दुसऱ्या बाजूला कासीम रझवीची रझाकार संघटना होती. गावे जळाली, लूट झाली, बायकांवर अत्याचार झाले, आणि हजारो माणसे हद्द ओलांडून भारताच्या बाजूला आली. हद्दीच्या कडेने भारताच्या बाजूला सशस्त्र लढ्याची शिबिरे उभी राहिली. आपल्या उमरखेडला असेच एक शिबिर होते. तिथून तरुण पलीकडे जात, नाक्यांवर हल्ले करीत, शस्त्रे पोहोचवीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. त्याला आपण पोलीस ॲक्शन म्हणतो. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि तो करायलाच पाहिजे.

पण तो फक्त राजाविरुद्ध प्रजेचा लढा नव्हता. गावागावांत ती यादवीही होती. ज्याच्याकडून बांगड्या भरल्या, ज्याच्या घाण्यावर तेल काढले, ज्याच्या शेतात निंदण केले, तोच एक दिवस 'त्यांच्यातला' झाला. यादवीत सैनिक शोधणे आणि परदेशी सैन्याशी लढलेला सैनिक शोधणे यात मोठा फरक आहे. यादवीत ज्याच्याविरुद्ध लढले तोही शेजारीच असतो.

आता फायलीकडे येते. त्यात वडिलांचा अर्ज होता, शिबिरप्रमुखांचे प्रमाणपत्र होते आणि दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे होती. हैदराबाद लढ्यातल्या सीमाशिबिरांना केंद्राच्या पेन्शन योजनेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे असे कागद पुष्कळ घरांत त्याच काळात तयार झालेले दिसतात. एका प्रतिज्ञापत्रात लिहिले होते की यांनी तीन वेळा जिवावर उदार होऊन पलीकडच्या गावात काडतुसे पोहोचवली. अर्जाच्या शेवटी कुटुंबाचा रकाना. त्यात 'पत्नी' आणि पुढे वय. नाव लिहायची जागा होती, ती कोरीच. पुढे पेन्शन तिच्या नावे करताना नाव आले, पण ते विधवा म्हणून.

ती प्रत घेऊन आम्ही पलीकडे तिच्या आजोळी गेलो. मावशी नव्वदीच्या घरात. कान मंद, पण आठवण लख्ख. आम्ही प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवले. काडतुसांचे वाक्य आले तशी म्हातारी म्हणाली, 'दाजी कुठले आले? दाजीला नाक्यावरचा शिपाई न् शिपाई वळखत व्हता. अक्का आणायची.'

अक्का म्हणजे आमच्या बाईची आई. तेव्हा पंधरा वर्षांची. सासर अलीकडे, माहेर पलीकडे. नवी सून माहेरी जाते यात कुणाला संशय येणार? दुरडीत खाली काडतुसे, त्यावर फडके, त्यावर धपाटे. सोबतीला बारा वर्षांची धाकटी बहीण, म्हणजे हीच मावशी, तिला न्यायला आलेली. नाक्यावरच्या शिपायाने एकदा धपाटा मागितला. अक्काने स्वतःच्या हाताने वरचे दोन काढून दिले. मावशी म्हणाली, 'माझे पाय कापत व्हते. अक्का हसली त्याला. घरी आल्यावर मात्र वकली.'

मैत्रिणींनो, तीन फेऱ्या. तीनही फेऱ्या फायलीत आहेत, फक्त माणूस बदलला आहे. मी त्या वडिलांना खोटे म्हणत नाही. ते शिबिरात होते, राबले, घरदार धोक्यात घातले. १९८५ साली प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याला 'बायकोने पोहोचवली' असे लिहिणे सुचले नसेल, किंवा तसे लिहिले तर केस कच्ची होईल असे वाटले असेल. तुरुंगवास भोगलेल्या बाईला योजनेत सवलत आहे. पुरुषाला किमान सहा महिने, तर बाईला तीन महिने. पण पकडली गेली तर. अक्का पकडली गेली नाही, आणि काम चोख केल्यामुळेच पकडली गेली नाही. शिबिरात तिचे नाव नाही, वॉरंट नाही, शिक्षा नाही. ज्या कामाचे यश कागद न होण्यात आहे, त्या कामाला पुरावा म्हणून कागद मागितला जातो.

दुसऱ्या बाजूला, कागद असला म्हणजे सगळे खरे असेही नाही. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न लढलेल्यांकडे प्रमाणपत्र आणि लढलेल्या बाईचे नाव कोरे. जालना भागातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखे एखादे नाव दरवर्षी १७ सप्टेंबरला घेतले जाते. त्या घोड्यावर बसल्या, हत्यार चालवले, म्हणून त्या दिसल्या. त्यांना मान दिलाच पाहिजे. पण पुरुषासारखे लढले तरच बाई सैनिक आणि बाईसारखे लढले तर ते घरकाम, हा हिशेब आपण का मान्य करायचा?

हा प्रश्न आपणच पहिल्यांदा विचारत नाही. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तेलंगणातल्या सशस्त्र शेतकरी लढ्यातल्या बायांकडे गेल्या, त्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी १९८६ मध्ये तेलुगूत पुस्तक काढले आणि १९८९ मध्ये ते इंग्रजीत आले. त्या बायांनी बंदुका उचलल्या होत्या, निरोप नेले होते, जंगलात बाळंत झाल्या होत्या. लढा संपल्यावर त्यांना घरी जाऊन चूल सांभाळायला सांगितले गेले, हेही त्या बोलल्या. आपल्यासारख्याच एका गटाने, आपल्यासारख्याच साधनांनी केलेले ते काम आहे.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची अवघड आहे. ती टाळून मी खाली बसले असते तर टाळ्याही मिळाल्या असत्या.

मावशीला मी विचारले, मिलिटरी आल्यावर काय झाले? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मग आपली पाळी आली.' शेजारी मणियाराचे घर होते. त्यांची मुलगी अक्काची मैत्रीण. तीन दिवस ती मावशीच्या घरात कणगीच्या मागे बसून होती. मावशीची आई तिला अंधार पडल्यावर भाकरी द्यायची. दुसऱ्या रात्री मशाली घेऊन माणसे आली आणि विचारू लागली. मावशीच्या आईने उंबऱ्यात उभी राहून सांगितले, 'घरात बाळंतीण आहे, आत पाय टाकायचा नाही.' बाळंतीण कुणी नव्हती. माणसे परत गेली. मणियाराच्या घरातली बाकीची माणसे वाचली नाहीत. मुलगी नंतर हैदराबादकडे गेली म्हणतात. पुढचे कुणाला माहीत नाही.

आमच्या बाईने विचारले, 'त्या मशालवाल्यांत आमचे बाबा होते का?'

मावशी म्हणाली, 'अंधार व्हता.'

परत येताना नदीच्या पुलावर बाईने माझा हात धरला आणि म्हणाली, 'ताई, हे नका लिहू.'

हे एका गावात घडले असे समजू नका. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना भारत सरकारनेच १९४८ च्या अखेरीस चौकशीला पाठवले होते. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असा त्यांच्या अहवालाचा अंदाज आहे. सर्वात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे दिली. बलात्कार, पळवून नेलेल्या बाया, विहिरीत उड्या घेतलेल्या बाया, हे सगळे त्यात नोंदलेले आहे. तो अहवाल सरकारने त्यावेळी प्रसिद्ध केला नाही, अनेक दशके तो दाबून राहिला. रझाकारांच्या अत्याचारांनी आधी एका समाजाच्या बाया होरपळल्या आणि सूडाने नंतर दुसऱ्या समाजाच्या. दोन्ही वेळा घराण्याची इज्जत बाईच्या अंगावर ठेवून ती लुटली गेली. आणि दोन्ही वेळा बायांना गप्प राहायला सांगणारे त्यांच्याच घरातले होते. फाळणीतल्या बायांबद्दल उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये लिहिले, तेव्हाही हेच समोर आले.

मग 'हे नका लिहू' याचे काय केले? आमच्या गटात यावर दोन बैठका झाल्या. काहीजणी म्हणाल्या, आपण लपवले तर आपणही त्या कोऱ्या रकान्यासारख्याच. काहीजणी म्हणाल्या, उद्या तिला त्याच गावात राहायचे आहे, आपण बैठकीतून उठून घरी जाऊ. दोन्ही खरे होते. शेवटी ठरवले ते असे. गोष्ट तिची आहे, तिच्या हो म्हटल्याशिवाय जाणार नाही. आम्ही आठ महिने विषय काढला नाही. एका संक्रांतीला ती स्वतःच आली आणि म्हणाली, 'बाबांचं मला ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. पण आजीने दारात उभं राहून सांगितलं ते तरी सांगा. नाव नका सांगू.' म्हणून मी आज सांगते आहे.

पेन्शनचे म्हणाल तर ती मिळालेली नाही. पोटगीचा दावा मात्र आम्ही दाखल केला आहे, तो चालू आहे. या शोधातून सगळे प्रश्न सुटतात असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आता कामाचे बोलू. १९४८ साली बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत. आणखी पाच वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही. म्हणून पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक मंडळाने निदान दोन म्हाताऱ्या बायांजवळ बसावे.

बसाल तेव्हा 'तुम्ही लढ्यात होता का?' असे विचारू नका. शंभरातल्या नव्याण्णव 'नाही बाई, मी काय केलं, भाकरी बडवल्या' म्हणतील. विचारा, त्या वर्षी किती माणसांच्या भाकरी व्हायच्या? रात्री कोण यायचे? तुम्ही कुठे झोपत होता? माहेरी जाणे कधी बंद झाले? दागिने कुठे पुरले? शेजारचे कोण निघून गेले, आणि त्यांच्या घरात आता कोण राहते? शेवटचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आणि उत्तर आले नाही तर आग्रह धरू नका.

तारखा त्यांना सांगता येणार नाहीत, सण सांगता येतील. १९४८ साली पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला झाला आणि सैन्य शिरले तेव्हा गणपतीचे दिवस होते. 'पोळ्याच्या आधी का नंतर?' एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ गुंता सुटतो. पलीकडचा जुना कागद हाती आला तर तो उर्दूत असेल आणि साल फसली असेल. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. कागद वाचायला मोहल्ल्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बोलवा. त्या निमित्ताने तो माणूस आपल्या अंगणात येईल, हेही काम आहे.

अलीकडच्या बाजूला गावचे कोतवाल बुक आहे, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात तालुक्याच्या ठिकाणी सैनिकांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले, ते वाचा. एकेक नाव घ्या आणि त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोचे, आईचे, बहिणीचे नाव विचारा. कोतवाल बुकात 'मुलगी झाली' एवढेच लिहिलेले असेल, नाव नसेल. तिथे तुमच्या वहीत तुम्ही नाव लिहा.

आणि तांड्यावर, बौद्ध वस्तीत, मोहल्ल्यात वेगवेगळ्या बसा. एका ओट्यावर सगळ्यांना गोळा केले तर ज्या घराचा दबदबा तीच गोष्ट ऐकू येईल. घरातले पुरुष मधे बोलू लागले तर त्यांना चहा आणायला पाठवा. (हशा) हसू नका, मी हे खरेच करते.

एक पथ्य मात्र पाळा. अभिमान शोधायला निघू नका. आपल्या घरात शूर माणूस सापडला पाहिजे असे ठरवून निघालात तर तोच सापडेल, आणि उंबऱ्यात उभी राहिलेली म्हातारी निसटेल. जे सापडेल ते सापडू द्या. आपला बाप अंधारात कुठे उभा होता हे न कळता जगणे सोपे नाही. ती बाई तसे जगते आहे, आणि तरीही आता आईचे नाव मोठ्याने घेते.

आमच्या वहीत पहिल्या पानावर तिच्या आईचे पूर्ण नाव आहे. त्यापुढे 'पत्नी' असे लिहिलेले नाही. 'तीन वेळा काडतुसे पोहोचवली' असे लिहिले आहे. दुसऱ्या पानावर आजीचे नाव आहे. तिसऱ्या पानावर मणियाराच्या मुलीचे. तिचे नाव फक्त मावशीला आठवत होते.

पुढची पाने कोरी आहेत. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना प्रत्येक मंडळाने एक घेऊन जावी.